गळ्याची पकड : लाल मातीतून जिउ-जित्सूच्या मॅटवर

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तालमींमध्ये कुस्तीला आरंभ होतो तो मानेवर टाकलेल्या हातानेच. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली की एक हात प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर आणि दुसरा त्याच्या मनगटावर किंवा कोपरावर जातो. जिकडे मान वळेल तिकडे धड वळते, हे येथील पोरांना वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र मान धरायची ती प्रतिस्पर्ध्याला हलविण्यासाठी, खेचण्यासाठी, पाडण्यासाठी. गळा आवळणे कुस्तीत निषिद्ध आहे. ब्राझिलियन जिउ-जित्सू या झोंबीच्या प्रकारात मात्र तीच मान मुक्कामाचे ठिकाण ठरते. हात मानेवरून चार बोटे पुढे सरकून हनुवटीखाली गेला की सारा खेळ पालटतो. मातीत वाढलेल्या मल्लाला हा डाव शिकताना काय नव्याने कमवावे लागते आणि अंगवळणी पडलेले काय सोडावे लागते, हा या लेखाचा विषय होय.

गळ्यावरील या डावांना जगभर ‘चोक’ म्हणतात. मराठीत त्यांच्यासाठी रूढ शब्द नाही आणि ‘गळफास’ म्हटले तर भलताच अर्थ मनात उभा राहतो. म्हणून येथे ‘गळपकड’ हा साधा शब्द योजला आहे.

खाशाबांची ढाक

मानेच्या पकडीचा विचार साताऱ्यात खाशाबा जाधव यांना वगळून करता येत नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेल्या खाशाबांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याच्या मानेभोवती हाताची कव घालायची, त्याचा एक हात आवळून धरायचा, कंबर आत घालून वळायचे आणि आपल्या अंगावरून त्याला पलीकडे टाकायचे, असे या डावाचे स्वरूप. हाताची कव आणि कमरेचे वळण यांचा मेळ अर्ध्या क्षणाने चुकला तर ढाक मारणाराच खाली जातो. म्हणून हा डाव धाडसाचा मानला जातो.

खाशाबांचा आणखी एक प्रवास येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत गादीवरील कुस्तीशी त्यांचा फारसा परिचय नव्हता. मातीत चितपट झाल्याखेरीज कुस्ती निकाली होत नाही. गादीवर गुणांचा हिशेब असतो आणि खांदे क्षणभर टेकले तरी घात होतो. रीस गार्डनर यांच्या मार्गदर्शनाखाली तयारी करून खाशाबा लंडनमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. पुढील चार वर्षांत त्यांनी गादीचे शास्त्र आत्मसात केले आणि हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले. त्या गटातील सुवर्णपदक ज्यांनी पटकाविले ते जपानचे शोहाची इशी मूळचे जुदोपटू. गळपकडीचे शास्त्र ज्या जपानी विद्येने जपले, तिच्यात तयार झालेला खेळाडू आणि ढाकेवर वाढलेला कराडचा मल्ल एकाच गटात लढले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या नियमांत आजही गळा दाबण्याला बंदी आहे. इतकेच नव्हे, तर दोन्ही हातांनी नुसती मान कवळता येत नाही. कवेत प्रतिस्पर्ध्याचा एक हातही असावा लागतो. ढाकेत हात धरलेला असतो, म्हणून ती नियमात बसते. आपल्या मातीतील डावांनीही मानेला अभय दिलेले नाही. खाली बसलेल्या मल्लाच्या मानेवर गुडघा रोवण्याच्या डावाला ‘घुटना’ म्हणतात आणि ‘घिस्सा’ मारतानाही मानेवर जोर येतो. परंतु या सर्वांचे लक्ष्य एकच, समोरच्याची पाठ मातीला लावणे.

जपानहून ब्राझीलला

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था स्थापून जुन्या जुजुत्सूतून जुदो घडविला. त्यांचे एक शिष्य मित्सुयो माएदा देशोदेशी कुस्त्या करीत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्राझीलमधील बेलेम शहरी पोहोचले. तेथे त्यांच्या विद्येचा लाभ कार्लोस ग्रेसी या तरुणाला झाला. कार्लोस यांनी १९२५ मध्ये रिओ दि जानेरो येथे शाळा काढली. त्यांचे धाकटे, किरकोळ अंगाचे बंधू हेलियो यांनी ताकदीपेक्षा तरफेवर भर देत जमिनीवरील झोंबी विकसित केली. १९५१ मध्ये हेलियो यांनी काटो या जपानी जुदोपटूला गळपकडीने बेशुद्ध केले. त्याच वर्षी माराकाना स्टेडियमवर मासाहिको किमुरा यांनी हेलियो यांचा हात पिरगाळून त्यांना नमविले.

जगाचे लक्ष या विद्येकडे वेधले गेले ते १९९३ मध्ये. अमेरिकेतील डेन्व्हर येथे भरलेल्या पहिल्या ‘यूएफसी’ स्पर्धेत हेलियो यांचे पुत्र रॉयस यांनी अंतिम लढत मागून घातलेल्या गळपकडीने जिंकली. मोठ्या देहाचे, ठोसे-लाथांत तरबेज प्रतिस्पर्धी एकामागून एक हार पत्करत असलेले पाहून अनेकांनी तोंडात बोटे घातली. आशियाई क्रीडा स्पर्धांत जिउ-जित्सूचा समावेश प्रथम २०१८ मध्ये जाकार्ता येथे झाला. याच जाकार्तात १९६२ साली सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी कुस्तीत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळविले होते.

पाठीला माती आणि पाठीवर माणूस

मातीतील मल्ल जिउ-जित्सूच्या मॅटवर उतरला की त्याच्या जमेच्या बाजू लगेच दिसतात. त्याचा तोल पक्का असतो, पकड चिवट असते, पट काढण्याची चपळाई असते आणि जोर-बैठकांनी मान खांद्यांइतकीच रुंद झालेली असते. उभ्याने त्याला पाडणे सोपे नसते. घात होतो तो खाली गेल्यावर.

कुस्तीत पाठीला माती लागणे म्हणजे हार. त्यामुळे पडताना मल्ल आपसूक पोटावर वळतो. हे वळण त्याच्या रक्तात इतके भिनलेले असते की त्यासाठी विचार करावा लागत नाही. वर असलेला मल्ल कब्जा घेतो, खालचा हातापायांवर घट्ट बसून राहतो, हनुवटी छातीशी नेतो आणि वेळ काढतो. मातीत हा उत्तम बचाव ठरतो. जिउ-जित्सूत नेमका हाच सर्वांत मोठा धोका. तेथे पाठ जमिनीला टेकली म्हणून कोणी हरत नाही. उलट पाठीवर पडून, पायांच्या कैचीत प्रतिस्पर्ध्याला धरून लढणे हा त्या विद्येचा गाभा आहे. पण पाठीवर माणूस बसला तर सुटका अवघड. त्या खेळाच्या प्रचलित नियमांत प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचे २ गुण मिळतात, तर मागून कब्जा घेऊन दोन्ही पाय त्याच्या मांड्यांत अडकविण्याचे ४. गुणांची ही तफावत उगाच नाही. आपल्याकडे ज्याला सवारी भरणे म्हणतात तिच्याच जवळची ही बैठक असून तेथून गळा अगदी हाताशी येतो.

ढाकेचेही तसेच. ढाक मारून दोघे खाली आले, मारणाऱ्याने मान धरून ठेवली पण प्रतिस्पर्ध्याचा हात निसटला, तर मातीत फारसे बिघडत नाही. मॅटवर मात्र खालचा मल्ल हात मोकळा होताच वळतो आणि मारणाऱ्याच्या पाठीशी पोहोचतो. ज्या डावावर टाळ्या मिळाल्या, त्याच डावाच्या अखेरीस गळा अडकतो.

कुस्तीतून मिश्र युद्धकलेकडे वळलेल्या हरियाणाच्या रितू फोगट यांच्या कारकिर्दीतही जमिनीवरील डावांचे महत्त्व दिसून आले. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूर येथे ‘वन चॅम्पियनशिप’च्या अंतिम लढतीत थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्स यांनी त्यांना हात ताणण्याच्या डावावर शरण आणले. स्टॅम्प यांची ख्याती लाथा-ठोशांच्या मुए थाईतील. कुस्तीचा वारसा फोगट घराण्याचा. तरीही निकाल जमिनीवर लागला आणि तो कुस्तीगिराच्या विरुद्ध गेला.

गळा नव्हे, मानेच्या दोन बाजू

गळपकड म्हणजे श्वास कोंडणे, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो शिकणाऱ्याच्या मुळावर येतो. कंठावर, म्हणजे श्वासनलिकेवर दाब दिल्यास वेदना भयंकर होतात, समोरचा जिवाच्या आकांताने झगडतो आणि कंठाच्या कूर्चेला इजा होण्याची भीती असते. कुशल शिक्षक हा प्रकार टाळतात. योग्य गळपकडीत दाब पडतो तो मानेच्या दोन्ही बाजूंना, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्यांवर. हा दाब नीट बसला तर वेदना फारशी होत नाही, कानांत गुंजारव होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि साधारणतः दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते. पकड सैल होताच रक्तप्रवाह पूर्ववत होऊन बहुधा काही सेकंदांतच शुद्ध येते.

येथेच मल्लाचा पहिला गैरसमज गळून पडावा लागतो. मान कितीही कमावलेली असो, रोहिण्या कातडीच्या फार खोल नसतात. जाड मानेमुळे पकड बसण्यास वेळ लागेल. बसल्यावर मात्र पैलवान आणि पाप्याचे पितर यांत फरक राहत नाही. कमी वजनाच्या खेळाडूंना, मुलींना या विद्येचे आकर्षण वाटते त्याचे कारण हेच. सांगलीत मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. कुस्तीत मुलींची अशी पिढी उभी राहत असताना त्यांच्यापैकी काहींचे पाय उद्या या मॅटकडे वळल्यास नवल वाटू नये.

मागून घालावयाची गळपकड

शिकणाऱ्याला बहुधा प्रथम मागून घालावयाची गळपकड शिकवितात. जपानीत तिला ‘हादाका-जिमे’ म्हणतात, ब्राझीलमध्ये ‘माता लियाऊ’, म्हणजे सिंहाला मारणारी. हिच्यासाठी अंगरख्याच्या गळपट्टीची गरज नाही. लंगोटावर लढलेल्या मल्लाला ती त्यामुळे जवळची वाटते. अंगरख्याची गळपट्टी पकडून घालावयाचे डाव त्याला अगदीच परके असतात.

डाव दिसायला सोपा आहे, आणि तेथेच फसगत होते. प्रथम कब्जा. छाती प्रतिस्पर्ध्याच्या पाठीला चिकटलेली हवी, मध्ये हवा जाण्याइतकीही फट नको. एक हात त्याच्या खांद्यावरून आणि दुसरा काखेतून घालून छातीवर दोन्ही हातांची कडी करायची, तिरप्या पट्ट्यासारखी. पाय मांड्यांच्या आतून अडकवायचे. पायांची एकमेकांत कात्री मारू नये. खालच्याने त्यावर पाय टाकला तर आपलाच घोटा अडकतो. ही बैठक पक्की झाल्यावाचून गळ्याकडे जाऊ नये, असे शिक्षक वारंवार बजावतात. घाई करणाऱ्याची पकड सुटते आणि कब्जाही जातो.

मग खांद्यावरचा हात हनुवटीखालून सरकवायचा, इतका खोल की कोपर बरोबर हनुवटीच्या रेषेत यावे. कोपराच्या घडीत कंठ मोकळा राहतो आणि दंड एका बाजूच्या, तर हाताचा पुढचा भाग दुसऱ्या बाजूच्या रोहिणीवर बसतो. त्या हाताचा पंजा आपल्याच दुसऱ्या दंडावर ठेवायचा. दुसरा हात प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यामागे जातो, पंजाची पाठ त्याच्या डोक्याकडे. आता दोन्ही कोपरे एकमेकांकडे आणायची आणि छाती फुगवायची. दाब येतो तो पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंतून. मनगटाने ओढणाऱ्याचा हात मिनिटभरात भरून येतो. पकड बरोबर बसली असेल तर फार जोर लागत नाही; फार जोर लागत असेल तर पकड चुकलेली आहे, असे खुशाल समजावे.

तालमीतील गडी येथे हमखास एक चूक करतो. समोरच्याने हनुवटी खाली घातली की तो जबड्यावरूनच आवळू लागतो किंवा मान पिरगाळतो. दुखते खरे, समोरचा कधी शरणही येतो, पण सरावात याने जबडा आणि मानेचे मणके दुखावतात. हनुवटीच्या आड हात अडला तर दुसऱ्या हाताने समोरच्याचा बचावाचा हात बाजूला करायचा, संधीची वाट पाहायची आणि फट मिळताच हात सरकवायचा. यासाठी लागतो तो संयम. खडाखडीत दहा-दहा मिनिटे काढणाऱ्या मल्लाला तो नवा नाही. फक्त त्याची जागा बदलते.

बचावही सोबतच शिकवावा लागतो. नुसती हनुवटी दाबून फार काळ निभावत नाही. गळ्याकडे येणारा हात दोन्ही हातांनी मनगटाजवळ धरून खाली ओढायचा, तो सोडायचा नाही, आणि हळूहळू सरकत आपले खांदे जमिनीला टेकवून समोरच्याकडे वळायचे. खांदे जमिनीला टेकवायचे! मातीत वाढलेल्याला या एका सूचनेचे पालन करायला महिनोन्‌महिने लागतात.

पट काढताना

दुसरी गळपकड ‘गिलोटिन’. फ्रेंच राज्यक्रांतीतील शिरच्छेदाच्या यंत्रावरून तिला हे नाव पडले. समोरचा पायांसाठी झेपावतो, त्याचे डोके आपल्या काखेत येते, त्यावर हात घालून दोन्ही हातांची कडी करायची आणि वर उचलायचे, हा तिचा सारांश. पट काढणारा मल्ल तिचे आयते सावज. मातीत डोके खाली घालून, मान बाहेर ठेवून पट काढला तरी फार तर समोरचा मानेवर वजन टाकतो. येथे तेवढ्यात कुस्ती संपते. म्हणून मॅटवर येणाऱ्या मल्लाने पट काढताना डोके वर, नजर समोर आणि कान प्रतिस्पर्ध्याच्या बरगड्यांशी घट्ट ठेवण्याची सवय लावून घ्यावी. ही सवय कुस्तीतही उपयोगीच पडते.

थाप

तांत्रिक बाबी वर्षभरात जमतात. खरी अडचण निराळी आहे. जिउ-जित्सूत गळा अडकला की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थाप मारून शरणागती द्यायची असते. हात अडकलेले असतील तर तोंडाने सांगायचे किंवा पाय आपटायचा. थाप पडली की त्याच क्षणी पकड सोडायची. रोजच्या सरावात अशी थाप पाच-दहा वेळा पडते आणि कोणी तिचे काही मानीत नाही. चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळा अशा ठिकाणी समर्थांनी स्थापिलेल्या मारुतींच्या या मुलखात मात्र तालमीत पाय ठेवणाऱ्या पोराला पाठ लागू द्यायची नाही हेच शिकवलेले असते. जत्रेतल्या फडावर, गावकऱ्यांच्या देखत हार मानणे म्हणजे इभ्रत जाणे. त्यामुळे शरण येण्याची थाप त्याच्या हातून लवकर पडत नाही. तो झगडत राहतो, आणि गळपकडीत झगडण्यासाठी मिळणारा वेळ दहा सेकंदांचा असतो.

म्हणूनच मोबाइलवर चित्रफीत पाहून आखाड्यात हा डाव करून पाहणे धोक्याचे आहे. तेथे आवळणाऱ्याला केव्हा सोडायचे ते ठाऊक नसते आणि आवळला गेलेल्याला थाप मारायची सवय नसते. जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली पहिले काही आठवडे पकड फक्त बसवायची, आवळायची नाही; पुढे हळूहळू दाब वाढवायचा, आणि थापेसाठी कान व अंग दोन्ही जागे ठेवायचे, असा क्रम असतो. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना गिलोटिन वर्ज्य आहे. तालमीत भरती होणारी बरीच मुले याच वयाची असतात, हे वस्तादांनी आणि पालकांनी ध्यानात ठेवावे.

सरावात कोणी बेशुद्ध झालाच तर पकड तत्काळ सोडून त्याला उताणे निजवावे, पाय थोडे उंच धरावेत आणि श्वास चालू आहे ना ते पाहावे. गदागदा हलवू नये, तोंडात पाणी ओतू नये. काही सेकंदांत तो डोळे उघडतो आणि बहुधा काय झाले ते त्याला आठवत नाही. त्या दिवशी त्याला पुन्हा मॅटवर उतरू देऊ नये. अर्ध्या मिनिटात शुद्ध आली नाही, अथवा नंतर एका बाजूचा हातपाय जड वाटणे, बोलणे अडखळणे, मानेत तीव्र वेदना अशी लक्षणे दिसली, तर दवाखाना गाठण्यास विलंब करू नये. मानेतील रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पुढे पक्षाघात झाल्याच्या घटना विरळ असल्या तरी वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, आणि त्यांची लक्षणे कधी काही तासांनी, तर कधी काही दिवसांनी प्रकट होतात.